‘हेच का ते दुखणं?’ : एसआय जॉइंट हाताने तपासताना

कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला पहिल्यांदा एवढंच सांगावं, ‘एका बोटाने दाखवा.’ बरेच जण अख्खा तळहात कमरेवरून फिरवतात. कुणी मधोमध मणक्यावर मूठ टेकवतं. पण काही जण हात मागे नेऊन कमरेच्या खळीच्या जरा खाली, जरा आतल्या बाजूला बोट रुतवतात आणि तिथून हलवत नाहीत. दहा मिनिटं दुसरंच काही विचारून झाल्यावर पुन्हा ‘दाखवा बरं’ म्हटलं, तरी बोट त्याच जागी जातं. फोर्टिन या संशोधकांनी १९९७ मध्ये याचीच चाचणी करून ठेवली. खळीखाली जे हाड हाताला लागतं त्याला पीएसआयएस म्हणतात. त्याच्या खाली-आत एक सेंटिमीटरच्या टापूत बोट जायला हवं, आणि दोन्ही वेळा तिथेच जायला हवं. असं बोट दिसलं की एसआय (सॅक्रोइलियक) जॉइंटचा, म्हणजे त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड) आणि कमरेचं पसरट हाड जिथे जुळतं त्या सांध्याचा, विचार सुरू करायचा. निदान झालं असं मात्र समजायचं नाही. शेवटच्या मणक्याचा फॅसेट जॉइंट, म्हणजे मागचा छोटा सांधा, आणि तिथली मणक्यांमधली गादी यांचं दुखणंही इथेच येऊन बसतं.

बोटाने दाखवा म्हणायचं आणखी एक कारण आपल्या भाषेत आहे. ‘खुब्यात दुखतं’ म्हणणारा एक जण जांघेतला सांधा दाखवतो, दुसरा कुल्ल्याची बाजू, तिसरा थेट कमरेचा काठ. ‘माकडहाड दुखतं’ म्हणणाऱ्या बाईंचं बोट कित्येकदा माकडहाडापासून चांगलं चार बोटं वर असतं. शब्द ऐकून केस पेपरवर लिहून टाकलं, तर पुढची सगळी तपासणी भलत्या सांध्याची होते.

दुखणं कुठवर पसरतं हेही पाहायचं, पण त्यावर फार विसंबायचं नाही. स्लिपमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन खात्री झालेल्या ५० रुग्णांचं दुखणं नकाशावर मांडलं. कुल्ल्यात ९४ टक्के, कमरेच्या खालच्या भागात ७२ टक्के, पायात ५० टक्के, गुडघ्याखालीसुद्धा २८ टक्के आणि जांघेत १४ टक्के. म्हणजे पोटरीपर्यंत कळ जाते म्हणून ‘ही शीरच दबली आहे’ असं म्हणता येत नाही. उलट दुखणं सगळं कमरेच्या वरच्या भागात असेल आणि कुल्ल्यात काहीच नसेल, तर एसआय जॉइंटच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये.

आता चाचण्यांकडे. या सांध्यासाठी पुस्तकांत डझनावारी चाचण्या सापडतात. त्यांचे मुळात दोनच प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सांध्यावर ताण देऊन दुखणं जागं करायचं. दुसऱ्यात सांधा हलतो का, हाडं वर-खाली आहेत का हे बोटांनी चाचपायचं. पहिला प्रकार कामाचा आहे. दुसरा सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, त्याची कारणं पुढे येतीलच.

ताण देण्याच्या चाचण्यांत सगळी मदार एका प्रश्नावर असते, आणि तोच प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. आपण जोर देतो आणि विचारतो, ‘दुखतंय का?’ माणूस म्हणतो, ‘हो.’ आपण लिहितो, पॉझिटिव्ह. अहो, कमरेच्या हाडावर कुणी अंगाचं वजन टाकून दाबलं तर दुखणारच की! चाचणी पॉझिटिव्ह कधी? तर ज्या दुखण्यासाठी तो माणूस आलाय, तेच दुखणं, त्याच जागी जागं झालं तर. म्हणून प्रश्न असा हवा: ‘हेच का ते दुखणं, ज्यासाठी तुम्ही आलात? की हे दुसरंच काही?’ दाबल्या जागची कातडी दुखली, जांघेत ओढ बसली, गुडघा बोचला, समोरची मांडी ताणली गेली, यातलं काहीही पॉझिटिव्ह धरायचं नाही. तपासणीला सुरुवात करण्याआधी हे रुग्णाला नीट समजावून सांगितलं की उत्तरं स्वच्छ येतात. ‘मी वेगवेगळ्या तऱ्हेने दाबणार आहे. दर वेळी मला दोनच गोष्टी सांगा: कुठे दुखलं, आणि ते नेहमीचंच होतं का.’ आणि झोपल्या झोपल्या आत्ता किती दुखतंय, शून्य ते दहात, हे आधी विचारून ठेवायचं. आधीच पाच असलेलं दुखणं दाबल्यावरही पाचच राहिलं, तर चाचणीने काहीच जागं केलेलं नाही.

दाबायला घेण्याआधी कंबर बाजूला काढावी लागते, म्हणजे दुखणं मणक्यांमधल्या गादीचं नाही ना हे पाहावं लागतं. ही पायरी घाईत हटकून गाळली जाते. उभं राहून मागे वाकणं दहा वेळा, मग पालथं झोपून हातांवर छाती उचलणं दहा वेळा, गरज पडली तर आणखी एक-दोन फेऱ्या. दर फेरीनंतर दुखण्याची जागा विचारायची. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात आली, कुल्ल्यातली कमरेच्या मध्यावर येऊन थांबली, तर हे दुखणं गादीचं आहे असं समजून त्याच वाटेने जावं. अशा माणसाला एसआय जॉइंटच्या चाचण्या केल्या तर त्यातल्या काही पॉझिटिव्ह येतील आणि आपण फसू. कारण साधं आहे. यातल्या बहुतेक चाचण्यांत कंबरही थोडी हलतेच, आणि दुखावलेली गादी तेवढ्या हालचालीलाही बोलते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट मार्क लॅसलेट यांनी २००३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. तीन किंवा अधिक चाचण्या पॉझिटिव्ह असण्याची स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्याला बरोबर ‘नाही’ म्हणण्याचं प्रमाण, ७८ टक्के होतं. दुखणं असं मध्याकडे सरकणारी माणसं वगळल्यावर ते ८७ टक्क्यांवर गेलं. कमरेच्या हालचालींना दिलेल्या पंधरा मिनिटांची ही कमाई आहे.

खुब्याचा सांधाही आधीच पाहून घ्यावा. उताणं झोपवून मांडी ९० अंशांत उचलायची आणि पाऊल बाहेर नेत मांडी आत फिरवायची. जांघेत कळ आली, किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा हालचाल बरीच कमी भरली, तर पुढच्या चाचण्यांचे निकाल जपून वाचायचे.

पहिली चाचणी डिस्ट्रॅक्शन. माणूस उताणा. गुडघ्यांखाली पातळ उशी ठेवली की कंबर सैल पडते. समोरच्या बाजूला कमरेच्या काठाची जी दोन टोकं हाताला लागतात, ती एएसआयएस. त्यांवर दोन्ही तळव्यांचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, कोपरं सरळ, आणि वजन खाली, किंचित बाहेर सोडायचं. सांध्याची पुढची बाजू उघडते. इथे गडबड होते ती कपड्यांमुळे. परकराची किंवा सलवारीची नाडी, तिची गाठ, पट्ट्याचं बक्कल, खिशातला मोबाइल, कमरेला खोचलेला बटवा, हे सगळं नेमकं आपल्या तळव्याखाली येतं. ते बाजूला करायला सांगायचं आणि हाताखाली टॉवेलची घडी ठेवायची. बारीक अंगाच्या माणसाला या दोन हाडांवरची कातडी इतकी दुखते की आतलं दुखणं त्याला कळतच नाही. जोर हळूहळू वाढवायचा, धरून ठेवायचा आणि मग विचारायचं. एकदम झटका दिला की स्नायू आखडतात आणि ताण सांध्यापर्यंत पोचत नाही. या चाचणीवर माझा भरवसा आहे, कारण ती उगाच पॉझिटिव्ह येत नाही. लॅसलेट यांच्या २००५ च्या अभ्यासात एकेकट्या चाचण्यांमध्ये सगळ्यात वरची स्पेसिफिसिटी हिचीच होती, ८१ टक्के.

दुसरी थाय थ्रस्ट. सगळ्यांत जास्त माहिती देणारी ही, आणि सगळ्यांत जास्त बिघडवली जाते तीही हीच. माणूस उताणा. ज्या बाजूचा सांधा तपासायचा त्या बाजूची मांडी ९० अंशांत उभी, गुडघा सैल वाकलेला. आपण दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. त्याला आपल्याकडे थोडं वळवून एक हात त्रिकास्थीखाली सरकवायचा आणि परत उताणं करायचं. तळहातात त्रिकास्थी अशी बसली पाहिजे की मांडीच्या बाजूचा पीएसआयएस हाताच्या बाहेर, मोकळा राहील. तो हातावर आला तर दोन्ही हाडं एकदमच टेकतात आणि सांध्यात काहीच घडत नाही. मग दुसऱ्या हाताने गुडघा कवेत घ्यायचा, छाती मांडीच्या टोकाजवळ आणायची आणि मांडीच्या हाडाच्या रेषेत सरळ खाली दाबायचं. जोर टप्प्याटप्प्याने, तीन-चार वेळा.

बिघडतं कुठे? मांडी आतल्या बाजूला ओढली जाते आणि जांघेत चिमटा बसतो. माणूस ‘आई गं’ म्हणतो आणि आपण पॉझिटिव्ह लिहितो. मांडी अगदी उभी ठेवायची, आत झुकू द्यायची नाही. तळहात गुडघ्याच्या वाटीवर दाबला तर वाटीच दुखते, म्हणून गुडघा दोन्ही बाजूंनी वेढून धरायचा. आणि प्लिंथ, म्हणजे तपासणीचं टेबल, उंच असेल तर आपलं वजन वरून येतच नाही, नुसती दंडाची ताकद लागते आणि जोर तिरपा जातो. प्लिंथ आपल्या मांडीच्या मध्यापर्यंत हवी. उंची बदलता येत नसेल तर पाटावर उभं राहावं. हे सगळं सांभाळलं तर चाचणी खूप विश्वासाची आहे. लॅसलेट आणि विल्यम्स यांनी १९९४ मध्ये दोन तपासणाऱ्यांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा हिचा कॅप्पा, म्हणजे दोघांचा मेळ किती बसला याचं माप (१ म्हणजे पूर्ण मेळ), ०.८८ आला होता. हाताने करायच्या तपासणीत इतका मेळ क्वचितच बसतो. आजार असलेल्याला पकडण्याचं प्रमाणही (त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात) २००५ च्या अभ्यासात हिचंच सर्वांत जास्त होतं, ८८ टक्के. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर मात्र ही चाचणी करायची नाही. तिथे सांधा निखळण्याचा धोका खरा आहे.

तिसरी कॉम्प्रेशन. कुशीवर, दुखरी बाजू वर, खुबे आणि गुडघे वाकवलेले, तोंड आपल्या उलट दिशेला. कमरेच्या वरच्या काठावर दोन्ही हात ठेवून सरळ खाली, प्लिंथकडे दाबायचं. गुडघ्यांमध्ये उशी दिली की माणूस स्थिर राहतो. इथली नेहमीची चूक म्हणजे हात पोटाच्या मऊ भागावर किंवा मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर घसरणं. आणखी एक बघायचं: खालच्या कुशीचा उंचवटा दुखायला लागला, तर ते तिथल्या स्नायूबंधाचं दुखणं आहे. रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, हे विचारलं की उलगडा होतो.

चौथी सेक्रल थ्रस्ट. पालथं झोपवून त्रिकास्थीच्या मधोमध, बाकाच्या सर्वांत उंच जागी तळहात ठेवायचा आणि सरळ खाली जोर द्यायचा. जागा सापडायला सोपी आहे. दोन्ही पीएसआयएस जोडणारी रेषा मनात ओढायची आणि हात तिच्या जरा खाली ठेवायचा. हात वर राहिला तर शेवटचा मणका दाबला जातो, खाली गेला तर माकडहाडाजवळ बोचतं. साठी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईवर ही चाचणी जोरात करू नये. त्रिकास्थीला बारीक चीर असेल तर दुखणं अगदी एसआय जॉइंटसारखंच असतं, आणि आपला जोर त्यात भर घालतो.

चारही चाचण्या प्रत्येकाला कराव्या लागत नाहीत, आणि ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने मोलाची आहे. आधी डिस्ट्रॅक्शन आणि थाय थ्रस्ट. दोन्हींनी नेहमीचंच दुखणं जागं केलं तर थांबा. एकच पॉझिटिव्ह आली तर कॉम्प्रेशन करा, ती पॉझिटिव्ह आली तर थांबा. नाही आली तर सेक्रल थ्रस्ट. चारांपैकी कुठल्याही दोन पॉझिटिव्ह, हा निकष २००५ मध्ये लॅसलेट यांनी ४८ रुग्णांवर पडताळला. सेन्सिटिव्हिटी ८८ टक्के, स्पेसिफिसिटी ७८ टक्के. दोन वर्षं चिघळलेल्या कमरेच्या माणसाला उताणं-पालथं-कुशीवर असं उगाच लोळवण्याची गरज त्यामुळे राहत नाही.

गेन्सलेन आणि फेबर या दोन जुन्या, नावाजलेल्या चाचण्या. फेबरला पॅट्रिकची चाचणी असंही म्हणतात. अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट पॅट्रिक यांनी ती १९१७ मध्ये मांडली, आणि मिलवॉकीचे अस्थितज्ज्ञ गेन्सलेन यांनी त्यांची १९२७ मध्ये. तो काळच असा होता की कंबर आणि पायाच्या कळेचं खापर सर्रास एसआय जॉइंटवर फुटायचं. १९३४ मध्ये मिक्सटर आणि बार यांनी सरकलेल्या गादीकडे बोट दाखवलं आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पुढची कित्येक दशकं या सांध्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

गेन्सलेनमध्ये माणूस प्लिंथच्या काठाशी उताणा. एक पाय काठाबाहेर लोंबता, दुसरा गुडघा स्वतःच्या छातीशी धरलेला. आपण लोंबती मांडी खाली आणि वाकलेली मांडी छातीकडे, दोन्ही एकदम दाबायच्या. समोरच्या मांडीत ओढ बसली तर तो आखडलेला स्नायू किंवा तिथली नस, आपला सांधा नव्हे. छातीशी घेतलेला गुडघा सुटला की कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि चाचणी कमरेची होऊन बसते. फेबरमध्ये घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून वाकलेला गुडघा बाहेर खाली दाबायचा, दुसऱ्या हाताने दुसऱ्या बाजूची कंबर स्थिर धरायची. जन्मभर मांडी घालून जेवायला बसलेल्या माणसाचा गुडघा सहज खाली टेकतो, खुर्चीवर दिवस काढणाऱ्या तरुणाचा अर्ध्यावर अडतो. गुडघा किती खाली गेला यावरून एसआय जॉइंटबद्दल काही कळत नाही. कळतं ते दुखण्याच्या जागेवरून. जांघेत असेल तर खुबा. मागे, खळीखाली असेल आणि नेहमीचंच असेल, तर आपल्या यादीत एक खूण.

व्हॅन डर वुर्फ यांनी २००६ मध्ये ६० रुग्णांवर पाच चाचण्यांचा गट पडताळला. डिस्ट्रॅक्शन, कॉम्प्रेशन, थाय थ्रस्ट, फेबर, गेन्सलेन. तीन किंवा अधिक पॉझिटिव्ह धरल्या तर सेन्सिटिव्हिटी ८५ आणि स्पेसिफिसिटी ७९ टक्के. दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या हातांनी जवळपास सारखेच आकडे आले, म्हणून या पद्धतीला बळ मिळालं. एकट्यादुकट्या चाचणीवर मात्र निदान उभं राहत नाही. ड्रेफस यांनी १९९६ मध्ये ८५ रुग्णांवर एकेक चाचणी तोलून पाहिली, आणि एकही पुरेशी उतरली नाही.

हे आकडे ऐकायला छान वाटतात, पण ते प्रत्यक्षात काय सांगतात हे मांडून पाहायला हवं. समजा, कंबर-कुल्ल्याचं जुनं दुखणं घेऊन शंभर माणसं आली, आणि त्यातल्या वीस जणांचं मूळ खरंच एसआय जॉइंटमध्ये आहे. इंजेक्शनने तपासलेल्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या घरात सापडतं, तेव्हा वीस हा धरून चालण्याजोगा आकडा. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के धरली तर वीसपैकी अठरा जण पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ८० जणांत, स्पेसिफिसिटी ७८ टक्के असेल तर, सतरा-अठरा जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या पस्तीसेक जणांपैकी निम्म्यांचंच दुखणं या सांध्याचं. नाणं उडवल्यासारखंच झालं. आता निगेटिव्ह बघा. साधारण ६४ जण निगेटिव्ह, त्यांतले फक्त दोघे चुकलेले.

म्हणूनच या चाचण्यांचा खरा उपयोग ‘नाही’ म्हणायला आहे. सगळ्या निगेटिव्ह आल्या तर एसआय जॉइंटचा विषय मिटला, इंजेक्शनचा खर्च वाचला, भलता व्यायाम टळला. पॉझिटिव्ह आल्या तर संशय बळावला, एवढंच. तो संशय पक्का करायचा असेल तर एक्स-रे किंवा सीटीखाली बघत सांध्यात बधिर करण्याचं औषध सोडावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा दुखणं ठरावीक प्रमाणात, बहुधा ७५-८० टक्क्यांच्या वर, उतरलं पाहिजे. सांधा इतका अरुंद आहे की दीड-दोन मिलिलिटरच्या वर औषध त्यात मावत नाही, बाहेर गळतं आणि उत्तर गढूळ होतं. एक्स-रे न बघता, अंदाजाने दिलेलं इंजेक्शन सांध्यात पोचलं असं गृहीत धरू नये. शिवाय सांध्यामागचे बंध दुखत असतील तर सांध्यातलं औषध त्यांच्यापर्यंत जातही नाही.

आता चाचपण्याच्या चाचण्या. उभं राहून पुढे वाकताना दोन्ही पीएसआयएसवर अंगठे ठेवून कुठला वर सरकतो ते पाहणं, एका पायावर उभं करून दुसरा गुडघा उचलायला लावणं, उठून बसताना पायांची लांबी बदलते का ते मोजणं. आजही या शिकवल्या जातात, आणि त्यांवरून ‘तुमचं हाड सरकलंय, बसवून देतो’ असं सांगितलं जातं. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. स्टुरेसन यांनी १९८९ मध्ये रुग्णांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून क्ष-किरणांनी या सांध्याची हालचाल मोजली. सरासरी फिरकी २.५ अंश, सरकणं ०.७ मिलिमीटर. एक मिलिमीटरही नाही! ते कातडी, चरबी आणि स्नायूंच्या थरावरून अंगठ्याला कसं कळावं? आणि ‘बसवण्या’चं काय? टुलबर्ग यांनी १९९८ मध्ये दहा रुग्णांवर तेही मोजलं. झटका देण्याआधी चाचपणी पॉझिटिव्ह होती, झटक्यानंतर निगेटिव्ह झाली, पण मण्यांच्या मोजणीत हाड जिथल्या तिथेच होतं. रुग्णाला बरं वाटलं असेल तर आनंदच आहे. पण ‘हाड सरकलंय’ हे वाक्य त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतं. तो वाकायला घाबरतो, पाण्याची कळशी उचलत नाही, महिन्याला एकदा ‘बसवून घ्यायला’ जातो. जे मोजताच येत नाही ते सांगू नये.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तपासणी थोडी बदलावी लागते. पोट वाढलेलं असताना पालथं झोपवता येत नाही, त्यामुळे सेक्रल थ्रस्ट बाद. दिवस भरत आलेल्या बाईला फार वेळ उताणंही ठेवू नये. थाय थ्रस्ट मात्र इथे उत्तम चालते. फक्त जोर कमी. जोडीला पाय उचलण्याची चाचणी घ्यावी. उताणं, पाय सरळ, पावलांत वीसेक सेंटिमीटर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय वीस सेंटिमीटर उचलायला सांगायचं आणि किती जड गेलं ते शून्य ते पाच असं विचारायचं. दोन्ही पायांची बेरीज शून्य ते दहा. मग दोन्ही तळव्यांनी कमरेच्या हाडांना बाजूंनी आत दाबून धरायचं आणि तोच पाय पुन्हा उचलायला सांगायचं. ‘अगं बाई, आता हलका झाला’ असं उत्तर आलं, तर कमरेचा पट्टा उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. पट्टा पोटावर नव्हे, समोरच्या दोन टोकांच्या जरा खाली बांधायचा.

दोन प्रकारच्या रुग्णांत चाचण्यांचं उत्तर काहीही आलं तरी थांबायचं नाही. एक म्हणजे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जुनं दुखणं. रात्री उशिरा जाग आणणारं, उठून हिंडलं की बरं वाटणारं, विश्रांतीने वाढणारं. हे स्पॉन्डिलायटिसच्या, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताच्या, जातीचं असू शकतं. त्यात या चाचण्या निगेटिव्हही येतात. अशा माणसाला व्यायामाची पत्रकं देण्याआधी संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावं, एमआरआय लागेल. दुसरं म्हणजे एका बाजूचं, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं. जोडीला बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं. आपल्याकडे एसआय जॉइंटचा क्षय दिसतो, आणि सुरुवातीचा साधा एक्स-रे ठीक असू शकतो. इथे सगळ्या चाचण्या जोरदार पॉझिटिव्ह येतात आणि आपण ‘मेकॅनिकल’, म्हणजे नुसतं ताणाचं दुखणं, म्हणून शेक देत राहतो, हीच मोठी चूक होते. पडल्यानंतर लगेच दुखायला लागलेलं असेल तर आधी हाड पाहून घ्या, मगच हात लावा.

हाताला जोराचं मोजमाप कळावं म्हणून एक सोपा सराव आहे. घरच्या वजनकाट्यावर तळहात ठेवायचा, कोपरं सरळ, डोळे मिटून, ‘मध्यम’ आणि ‘जोरात’ असं तीन-तीनदा दाबायचं आणि शेजारच्याला आकडा वाचायला सांगायचा. एकदा दहा, एकदा बावीस असं येत असेल तर आजच्या आणि महिन्यानंतरच्या निकालांची तुलना करता येणार नाही. तीनही आकडे जवळ जवळ यायला लागेपर्यंत करत राहावं.

केस पेपरवर ‘एसआय टेस्ट पॉझिटिव्ह’ एवढंच लिहू नका. पुढच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. असं लिहा: ‘कमरेच्या दहा-दहा हालचालींत दुखण्याची जागा बदलली नाही. झोपून दुखणं २. डिस्ट्रॅक्शन: फक्त दाबल्या जागी दुखलं, निगेटिव्ह. उजवी थाय थ्रस्ट: तिसऱ्या दाबाला उजव्या खळीखाली नेहमीचंच दुखणं, ६, सोडल्यावर अर्ध्या मिनिटात उतरलं. डावी थाय थ्रस्ट: काही नाही. कॉम्प्रेशन, उजवी बाजू वर: नेहमीचंच, ५.’ आणि रुग्ण उठायच्या आधी त्याला सांगा, की आज रात्री किंवा उद्या सकाळी ती जागा थोडी जास्त ठणकेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर फोन करा.